लिटरची बाटली काट्यावर किलो का भरत नाही?

घाण्यावर येणाऱ्यांपैकी बरेच जण विचारतात, दादा लिटरभर शेंगदाणा तेल नेलं, घरी वजन केलं तर 915 ग्रॅमच भरलं, मग 85 ग्रॅम गेलं कुठे? प्रश्न रास्त आहे, पैसे मोजून घेता तुम्ही, म्हणून एकदा नीट लिहूनच देतोय.

लिटर म्हणजे तेलाने किती जागा घेतली आणि किलो म्हणजे त्याचं वजन किती, ही दोन वेगळी मापं. एक लिटर पाणी साधारण एक किलो भरतं म्हणून सगळ्याच पातळ वस्तूंचं तसं असेल असं आपल्याला वाटतं, पण तेल पाण्यापेक्षा हलकं, रश्श्यावर तर्री तरंगते ती त्यामुळेच. आणि मध जड, लिटरच्या बाटलीत मध जवळजवळ 1400 ग्रॅम मावतो. हे हलकं-जड मोजायचं माप म्हणजे घनता, वजनाला आकारमानाने भागलं की झालं.

घरी करून बघा ना. मापाचं कोरडं भांडं काट्यावर ठेवा, समजा 112 ग्रॅम भरलं, त्यात 500 मिलीच्या रेघेपर्यंत तेल ओता (रेघ डोळ्यासमोर धरून बघा, वरून वाकून बघितलं की चुकतं) आणि परत वजन करा, आलं 569. भांड्याचे 112 वजा करा, बरेच जण इथेच विसरतात, राहिले 457, भागिले 500, म्हणजे 0.914 ग्रॅम प्रति मिली. शेंगदाणा, तीळ, करडई सगळी 0.91 ते 0.92 च्या आसपासच येतात.

खरा फरक डब्यात पडतो. 15 किलोचा डबा म्हणजे जवळपास 16.4 लिटर तेल आणि 15 लिटरचा डबा म्हणजे 13.7 किलोच, सव्वा किलोचा फरक आहे हो, त्यामुळे डबा कुठूनही घ्या पण भाव किलोचा की लिटरचा ते आधी विचारा. 300 रुपये किलोचं तेल लिटरला साधारण 275 ला पडतं.

तेल तापलं की फुगतं, वजन तेवढंच राहतं पण जागा जास्त लागते. सोयाबीन तेलाचा एक लिटर 21 अंशाला 919 ग्रॅम भरतो आणि 60 अंशाला 893 च्या आत. काही पॅकवर लिटर 60 अंशाचा धरून छापायचे, 2022 साली केंद्राने सांगितलं की तापमान न लिहिता लिटर छापा आणि सोबत वजनही द्या. पिशवीवर दोन्ही आकडे बघत जा.

एक मात्र स्पष्ट सांगतो, घनतेवरून भेसळ कळत नाही, कारण पाम तेलही जवळपास तेवढंच भरतं, त्याला लॅबच लागते.

आम्ही किलोवरच देतो. घरचा कॅन आणलात तर कोरडा आणा, आधी रिकामा तुमच्यासमोर काट्यावर ठेवू, मग भरू.