पल्ला २९०च का?

वास्कोच्या गोदीत नौदलासाठी युद्धनौका बांधल्या जातात. त्यांतली ‘त्रिपुट’ जुलै २०२४ मध्ये पाण्यात उतरली. तिच्यावर ब्राह्मोस क्षेपणास्त्रं बसणार, हे कळल्यापासून माझ्या नववीतल्या भाचीला भलताच उत्साह आला होता. कुठल्याशा जुन्या लेखात तिनं वाचलं, ब्राह्मोसचा पल्ला २९० किलोमीटर. ‘‘मामा, २९०च का? सरळ ३०० का नाही?’’

प्रश्न बिनतोड होता. बाटाच्या चपलेवर २९९ रुपये ९५ पैसे लिहिलेलं असायचं ना, त्यातलाच हा आकडा. एका रेषेच्या मुद्दाम अलीकडे ठेवलेला. तिला ॲटलास आणायला लावला, पणजीवर कंपासचं टोक रोवलं आणि नकाशाच्या प्रमाणात ३०० किलोमीटरचं वर्तुळ काढलं. महाबळेश्वर आत आलं, पुणं बाहेर राहिलं. खाली उडुपी आत आणि मंगळूर अगदी थोडक्यात बाहेर.

ही रेषा १९८७ मध्ये अमेरिकेसह सात श्रीमंत देशांनी आखली. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्था असं तिचं लांबलचक नाव, पण सगळे एमटीसीआर म्हणतात. हा रीतसर करार नाही, सदस्य देशांनी आपसात पाळायची समजूत आहे. ५०० किलो ओझं ३०० किलोमीटर नेऊ शकणारं क्षेपणास्त्र कुणी विकत मागितलं, तर नकार द्यायचा हे जवळपास ठरलेलंच. ५०० किलोच का? नवख्या देशाचा पहिलावहिला, ओबडधोबड अणुबॉम्ब साधारण तितका तरी भरेल, असा तेव्हाचा अंदाज होता.

यात एक मेख आहे. स्कूटरवर एकटे निघालात तर एका टाकीत जितके लांब जाल, तितके मागे बायको आणि पुढ्यात मासळीची टोपली घेऊन जाणार नाही. क्षेपणास्त्राचंही तेच. ओझं उतरवलं की पल्ला वाढतो. म्हणून नियम पाहतो तो आज टोकावर काय बसवलंय हे नाही, तर ओझं आणि अंतर यांची अदलाबदल करून काय साधता येईल, हे.

ब्राह्मोस ही भारत आणि रशियाची जोडनिर्मिती. रशिया गटात होता, भारत नव्हता, म्हणून २९०. जून २०१६ मध्ये भारत या गटाचा ३५वा सदस्य झाला आणि मार्च २०१७ मध्ये ४०० किलोमीटरहून जास्त पल्ल्याच्या ब्राह्मोसची चाचणी झालीसुद्धा. इतक्या झटपट पल्ला वाढतो, यावरूनच कळतं की आधीची अडचण इंजिनाची नव्हती.

याच नियमाचा फटका इस्रोला बसला होता, आणि तो माझ्या मते अगदीच अनाठायी होता. उपग्रह सोडण्यासाठी रशियाकडून क्रायोजेनिक इंजिनाचं तंत्रज्ञान घ्यायचं ठरलं होतं. १९९२ मध्ये अमेरिकेनं इस्रोवर निर्बंध घातले, पुढच्या वर्षी रशियानं तंत्रज्ञान द्यायला नकार दिला आणि तयार इंजिनांवर भागवलं. आता हे इंजिन चालतं द्रवरूप हायड्रोजनवर, उणे २५३ अंश सेल्सिअसला. तो उडून जात राहतो, त्यामुळे भरून तयार ठेवता येत नाही, उड्डाणाच्या आधी काही तास भरावा लागतो. ज्याला हुकूम मिळताच सुटायचंय त्या क्षेपणास्त्राला हे काय कामाचं? भारताचं स्वतःचं क्रायोजेनिक इंजिन घेऊन जीएसएलव्ही या रॉकेटचं उड्डाण यशस्वी झालं ते जानेवारी २०१४ मध्ये.

पण प्रत्येक अट इतकी बोथट नसते. जीपीएसचं उदाहरण घ्या. विमानात वापरायचा रिसीव्हर सेकंदाला ६०० मीटरपेक्षा जास्त वेगातही आपली जागा सांगू शकत असेल, तर तो नियंत्रणाखाली येतो. दाबोळीवरून निघालेलं प्रवासी विमान सेकंदाला साधारण २५० मीटर जातं. ब्राह्मोस ९००च्या पुढे. वैमानिकाला लागेल ते सगळं रेषेच्या अलीकडे आणि क्षेपणास्त्राला लागेल ते पलीकडे. बाजारातल्या कितीतरी जीपीएस चिपा अशा वेगाला मुकाट गप्प बसतात. असा आकडा काढणाऱ्याला मी मनापासून दाद देतो.

रसायनांच्या बाबतीतही अशीच नेमकी रेषा आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात काम करणारं तुमच्या ओळखीचं कुणी असेल, तर त्यांना जीएलआर विचारा. जीएलआर म्हणजे ग्लास-लाइन्ड रिॲक्टर, आतून काचेचा थर दिलेलं, रसायनं बनवायचं मोठं भांडं. ज्या आम्लापुढे स्टील टिकत नाही, ते यात खुशाल उकळता येतं. औषधाला ते लागतं, आणि विषारी वायू बनवणाऱ्यालाही नेमकं तेच लागतं. इराण-इराक युद्धात रासायनिक अस्त्रं वापरली गेल्यावर १९८५ मध्ये, अशा अस्त्रांना लागणाऱ्या मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणारा देशांचा ऑस्ट्रेलिया ग्रुप स्थापन झाला. १०० ते २०,००० लिटरच्या दरम्यानचे असे रिॲक्टर त्याच्या यादीत आहेत. साधा स्टेनलेस स्टीलचा रिॲक्टर परदेशी पाठवताना ही यादी आड येत नाही. काचेचा पाठवायचा तर कुणाला, कशासाठी, हे सांगून परवाना घ्यावा लागतो. भारत जानेवारी २०१८ मध्ये या गटात आला.

भाचीला रिॲक्टरमध्ये रस नव्हता. ती पुन्हा वर्तुळाकडे वळली. ‘‘पण आता तर ड्रोन आलेत ना?’’

तिथेच १९८७चं गणित उघडं पडतं. युक्रेनच्या युद्धात दिसलेलं इराणी शाहेद ड्रोन पन्नासेक किलो स्फोटकं घेऊन हजार किलोमीटरपलीकडे जातं. अंतर रेषेच्या कितीतरी पुढे, ओझं मात्र ५००च्या दहाव्या हिश्शाएवढं. त्यामुळे सर्वांत कडक वर्गात, म्हणजे जिथे नकार जवळपास ठरलेलाच त्या वर्गात, ते बसतच नाही. नेम अचूक झाला की वजनाची गरजच उरत नाही, आणि तेव्हाच्या हिशेबात अशा नेमक्या, स्वस्त माऱ्याला जागा नव्हती. इंजिन म्हणाल तर मोपेडसारखं फटफटणारं, आतल्या चिपा बऱ्याचशा कुठेही मिळणाऱ्या. आणि इराण तर या गटातच नाही.

उलट टोकाला, मोठी टेहळणी ड्रोनं दिवस दिवस हवेत राहतात आणि ५०० किलोचं ओझंही पेलतात, म्हणून १९८७च्या व्याख्येत थेट क्षेपणास्त्रांच्या पंगतीला बसली. २०२० मध्ये अमेरिकेनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं, की ताशी ८०० किलोमीटरपेक्षा हळू उडणाऱ्यांना सौम्य वर्गात धरायचं.

‘‘मग ५००चा आकडाच खाली का आणत नाहीत?’’

तो बदलायचा तर पस्तीसही सदस्यांचं एकमत लागतं. त्या पस्तिसांत रशिया आहे, आणि युक्रेनसुद्धा.