हिरा ऐरणीवर ठेवू नका

‘हिरा ठेवितां ऐरणीं, वाचे मारितां जो घणीं’ हा तुकोबांचा अभंग गोव्यातल्या देवळांतही भजनाला रंगतो. खऱ्याची कसोटी सांगायला याहून नेमका दाखला नाही. पण घरातल्या हिऱ्यावर हा प्रयोग करू नका. घणाच्या एका घावात खऱ्या हिऱ्याचाही चुरा होतो.

कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. मोसच्या मापनीवर हिऱ्याची कठिणता १० आहे, म्हणजे दुसरं कुठलंही नैसर्गिक खनिज त्याच्यावर सहजी ओरखडा काढू शकत नाही. त्यातला कार्बनचा प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंशी घट्ट बांधलेला असतो. तरीही स्फटिकात चार दिशांना अशी प्रतलं असतात, की ज्यांना एकमेकांशी जोडणारे बंध तुलनेने कमी पडतात. तिथे घाव बसला की लाकूड रेषेत चिरावं तसा हिरा सरळ दुभंगतो. जुने कारागीर मोठे खडे असेच फोडत. कुडीतल्या हिऱ्याची कड भिंगाखाली पाहा, कधी कधी इवलासा टवका उडालेला दिसेल.

हिरा घावाने फुटतो ही गोष्ट गोव्यातच छापून आली होती, १५६३ मध्ये. पणजीत चर्चसमोरच्या उद्यानाला ज्याचं नाव आहे, त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने ती लिहिली. दख्खनच्या खाणींतले हिरे तेव्हा गोव्याच्या बाजारात येत. बोकडाच्या रक्तानेच हिरा फुटतो, हा युरोपातला रोमन काळापासूनचा समज त्याने खोडून काढला. हातोडा पुरतो, असं त्याने स्पष्ट सांगितलं. हिरा विषारी असतो हेही त्याने मानलं नाही. हिरा गिळून प्राण दिल्याच्या कथा आपल्याकडे अजून सांगतात, पण पोटातल्या आम्लाचा हिऱ्यावर काहीच परिणाम होत नाही. ग्रंथात लिहिलंय म्हणून न मानता खडा पारखणाऱ्या ओर्ताबद्दल मला फार आदर वाटतो.

राहिलं तेज. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचं माप, २.४२ आहे. आत शिरलेला किरण मागच्या पैलूवर लंबापासून सुमारे २४ अंशांहून तिरका पडला, की बाहेर न निसटता पूर्ण परावर्तित होतो आणि रंग विखुरत समोरून बाहेर येतो. मात्र हिऱ्याला तेलकटपणा चटकन धरतो. खाणींमध्ये तर ग्रीस लावलेल्या फळ्यांवरून खडीमाती वाहवून हिरे वेगळे काढत. खोबरेलाचा हात लागून नाकातली चमकी मंदावली, तर दोष खड्याचा नसतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश पुरे. फक्त ती मोत्यांच्या डबीत ठेवू नका, मोत्यांवर ओरखडे पडतील.