‘कॅबरे’: बर्लिनचा छोटा रंगमंच आणि ब्रॉडवेने रंगवलेले त्याचे चित्र

लंडनच्या प्लेहाउस थिएटरमध्ये २०२१ साली ‘कॅबरे’ हे संगीतनाटक पुन्हा रंगभूमीवर आले, तेव्हा त्यासाठी सबंध नाट्यगृहालाच नाटकातल्या ‘किट कॅट क्लब’चे रूप देण्यात आले होते. १९६६ पासून हे नाटक पुन्हा पुन्हा नव्याने बसवले गेले आहे आणि १९३०च्या आसपासच्या बर्लिनचे जे चित्र जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात आहे, ते बहुतांशी या नाटकाने व त्यावरच्या चित्रपटाने घडवलेले आहे. अंधुक उजेडातला क्लब, पांढराफटक रंगवलेला चेहरा, तोकड्या कपड्यांतल्या नर्तकी आणि दाराशी येऊन ठेपलेले नाझी, असे ते चित्र आहे. आपल्याकडे कॅबरे म्हटले की हिंदी चित्रपटांतली हेलनची नृत्ये आठवतात. या दोन्ही चित्रांत नाच पुढे आहे. मूळ कॅबरे ज्याच्या बळावर उभा राहिला, तो प्रेक्षकांच्या तोंडावर बोललेला शब्द मात्र मागे पडला आहे.

या कलेचा आरंभ पॅरिसमधला. १८ नोव्हेंबर १८८१ रोजी रोदोल्फ सालीस याने मोंमार्त्र या तेव्हाच्या स्वस्त, कलावंतांच्या वस्तीत ‘ल शा न्वार’ म्हणजे ‘काळे मांजर’ नावाचे पानगृह उघडले. कवींनी आपल्या कविता म्हणाव्यात, गायकांनी स्वतः रचलेली गाणी गावीत आणि ती ऐकायला आलेल्यांनी मद्य प्यावे, असा साधा व्यवहार होता. सालीस स्वतः मध्ये उभा राहून आलेल्यांचे अतिशयोक्त आदराने स्वागत करी, त्यांची टर उडवी आणि पुढच्या कलावंताची ओळख करून देई. त्याचे वाढपी फ्रेंच अकादमीच्या सदस्यांच्या थाटाचे कपडे घालत. चार वर्षांनी सालीस मोठ्या जागेत गेल्यावर जुन्या जागेत आरिस्तीद ब्रुआँ याने स्वतःचे कॅबरे थाटले. तो पॅरिसच्या गल्लीबोळांतल्या बोलीत गुन्हेगारांची आणि वेश्यांची गाणी गाई आणि श्रीमंत गिऱ्हाइकांना तोंडावर शिव्या घाली. गिऱ्हाईक शिव्या ऐकायलाच येत असे. ‘मुलँ रूज’ १८८९ साली उघडले, ते मात्र प्रशस्त नृत्यगृह होते आणि त्याची जात वेगळी होती. जगाच्या आठवणीत या दोहोंची सरमिसळ झाली आणि त्यात मुलँ रूजच वरचढ ठरले.

जर्मनीत हा प्रकार १९०१ मध्ये पोहोचला. जानेवारीत बर्लिनला एर्न्स्ट फोन वोल्त्सोगेन याने पहिले कॅबरे काढले, त्याच महिन्यात माक्स राइनहार्ट आणि त्याच्या मित्रांनी ‘शाल उंड राउख’ सुरू केले आणि एप्रिलमध्ये म्युनिकला ‘अकरा जल्लाद’ नावाची मंडळी उभी राहिली. जर्मन सम्राटाच्या राज्यात प्रयोगाची संहिता आधी पोलिसांकडून मंजूर करून घ्यावी लागे, त्यामुळे पॅरिसच्या गायकाला असलेली मोकळीक येथे नव्हती. म्युनिकच्या मंडळींनी आपले प्रयोग निमंत्रितांसाठीचे खासगी कार्यक्रम म्हणून जाहीर करून यातून वाट काढली होती.

नोव्हेंबर १९१८ मध्ये राजेशाही कोसळली आणि रंगभूमीवरची ही पूर्वनियंत्रणाची पद्धतही गेली. पुढच्या पंधरा वर्षांत बर्लिनमध्ये जे घडले ते पाहताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. शेकडो नर्तकींच्या भव्य ‘रेव्ह्यू’ होत्या, त्यांना प्रचंड नाट्यगृहे लागत. रात्रभर चालणारे क्लब होते. स्त्रीवेशातले पुरुष आणि पुरुषवेशातल्या स्त्रिया जिथे उघडपणे वावरत, ते ‘एल्डोराडो’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले. तिसरे होते ते छोट्या रंगमंचावरचे खरे कॅबरे. रोझा व्हालेटी, ट्रुडे हेस्टरबेर्ग यांच्यासारख्या नट्यांनी ते स्वतः चालवले. कुर्ट टुखोल्स्की आणि वाल्टर मेहरिंग त्यासाठी पदे लिहीत आणि फ्रीडरिश होलेंडर चाली बांधी. या सगळ्याला एकत्र बांधणारा माणूस म्हणजे दोन प्रवेशांच्या मधे पडद्यापुढे येऊन बोलणारा निवेदक. तमाशातल्या सोंगाड्यासारखी त्याला त्या दिवसाच्या बातमीवर, समोर बसलेल्या बड्या माणसावर आणि सरकारवर बोलण्याची सवलत असे. ती तो किती धाडसाने वापरतो, यावर कॅबरेचा लौकिक ठरे. पुढे नाटकातल्या ‘एमसी’चे पात्र ज्याच्यावरून उभे राहिले, तो हाच.

व्हेर्नर फिंक याचे उदाहरण येथे सविस्तर सांगण्यासारखे आहे. १९२९ मध्ये त्याने काही सहकाऱ्यांबरोबर ‘काटाकोम्बे’ हे कॅबरे स्थापन केले आणि नाझी सत्तेवर आल्यावरही दोन वर्षांहून अधिक काळ ते चालवले. फिंक वाक्ये अर्धवट सोडी. उरलेला भाग प्रेक्षक मनात पुरा करीत आणि हसत, त्यामुळे पकडण्याजोगे असे काही त्याच्या तोंडून निघतच नसे. त्याचे बोलणे टिपून घेणाऱ्या गुप्त पोलिसांच्या माणसांना तो रंगमंचावरून विचारी की मी फार भरभर बोलत नाही ना, तुम्हाला माझ्याबरोबर येणे जमते आहे ना, की मला तुमच्याबरोबर यावे लागेल? त्याच्या एका प्रवेशात तो शिंप्याकडे कपडे शिवायला जातो. शिंपी माप घेऊ लागतो आणि फिंकचा उजवा हात नाझी सलामीसारखा उचललेला तसाच राहतो. त्या हाताचे शिंपी जे वर्णन करतो, त्याचा जर्मनमध्ये ‘रद्द झालेले हक्क’ असाही अर्थ निघे. मे १९३५ मध्ये काटाकोम्बे बंद करण्यात आले आणि फिंकला एस्टरवेगनच्या छळछावणीत पाठवण्यात आले. तेथून तो काही आठवड्यांनी सुटला.

इतर अनेकांना ती सुटका मिळाली नाही. बर्लिनच्या आणि व्हिएन्नाच्या कॅबरेतले बरेच लेखक, संगीतकार व नट ज्यू होते. पाउल मोर्गान १९३८ मध्ये बूखेनवाल्डच्या छावणीत मरण पावला, फ्रिट्झ ग्र्यूनबाउम १९४१ मध्ये दाखाऊला. कुर्ट गेरोन याची हकीकत तर वाचवत नाही. ३१ ऑगस्ट १९२८ रोजी बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचा ‘थ्री पेनी ऑपेरा’ प्रथम सादर झाला, त्यात मॅकी या गुंडाचे ते प्रसिद्ध गाणे गेरोनने गायले होते. (पु. ल. देशपांडे यांनी त्याच नाटकावरून लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकादमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणला. त्यामुळे हे गाणे मराठी प्रेक्षकालाही परके नाही.) नाझी आल्यावर गेरोन पॅरिस, व्हिएन्ना असे करीत अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचला, तेथे पकडला गेला आणि १९४४ मध्ये टेरेझिनश्टाटच्या छावणीत आला. तेथे त्याने कैद्यांसाठी ‘कारुसेल’ नावाचे कॅबरे उभे केले. छावणीतले जीवन किती सुखाचे आहे हे जगाला दाखवणारा प्रचारपट त्याच्याकडून सक्तीने दिग्दर्शित करवून घेण्यात आला आणि चित्रण संपल्यावर त्याच शरद ऋतूत त्याला आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले.

ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, पोहोचलेली कथा यांच्यापैकी कोणाची नव्हती. ती आली ख्रिस्तोफर इशरवूड या तरुण इंग्रज लेखकाकडून, जो १९२९ ते १९३३ या काळात बर्लिनमध्ये राहत होता. त्याच्या ‘गुडबाय टू बर्लिन’ या १९३९च्या पुस्तकात सॅली बोल्स ही बेताचेच गाणारी इंग्रज मुलगी आहे. जिच्यावरून ती बेतली, ती जीन रॉस पुढे पत्रकार झाली, तिने स्पेनच्या यादवी युद्धाचे वार्तांकन केले आणि राजकारणाची काडीची फिकीर नसलेली सॅली आपल्याला चिकटली याची तिला शेवटपर्यंत खंत राहिली. १९५१ मध्ये जॉन व्हॅन ड्रूटेन याने या कथांवरून गद्य नाटक केले. संगीतनाटकाची कल्पना त्यानंतरची.

२० नोव्हेंबर १९६६ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडहर्स्ट थिएटरमध्ये ‘कॅबरे’चा पहिला अधिकृत प्रयोग झाला. दिग्दर्शक हॅरॉल्ड प्रिन्स, संहिता जो मास्टरॉफ यांची, संगीत जॉन कँडर यांचे आणि गीते फ्रेड एब यांची. प्रिन्स लष्करी सेवेत असताना जर्मनीत राहिला होता आणि तेथल्या एका रात्रीच्या क्लबमधला निवेदक त्याच्या लक्षात राहिला होता. त्याला बर्लिनची गोष्ट सांगताना अमेरिकेबद्दलही बोलायचे होते. तो काळ नागरी हक्कांच्या चळवळीचा होता आणि तालमीच्या आरंभीच त्याने नटांपुढे द्वेषाने ओरडणाऱ्या गोऱ्या तरुणांचे एक छायाचित्र ठेवले. ते जर्मनीतले नसून त्याच वर्षीचे शिकागोतले होते.

बोरिस अ‍ॅरनसन या नेपथ्यकाराने रंगमंचावर एक भलामोठा तिरपा आरसा टांगला, त्यामुळे नाट्यगृहात शिरणाऱ्याला समोर स्वतःचेच प्रतिबिंब दिसे. जोएल ग्रेने साकारलेल्या एमसीची गाणी आधी एकाच ठिकाणी एकत्र यायची होती; ती तोडून कथेच्या अधूनमधून पेरण्यात आली, आणि प्रत्येक गाणे नुकत्याच घडलेल्या प्रसंगावरचे भाष्य झाले. माझ्या मते या नाटकाचे सगळे सामर्थ्य या एका निर्णयात आहे. एका गाण्यात एमसी गोरिलाच्या वेशातल्या नर्तकीला प्रेयसी म्हणून मिरवतो, आमच्या प्रेमाकडे जरा समजुतीने पाहा असे प्रेक्षकांना विनवतो आणि शेवटच्या ओळीत म्हणतो की माझ्या नजरेने पाहिलेत तर ती मुळीच ज्यू वाटणार नाही. हसता हसता प्रेक्षक अडकतो. आरंभीच्या प्रयोगांनंतर काही ज्यू प्रेक्षकांनी या ओळीला हरकत घेतली आणि प्रिन्सने ती बदलली. चित्रपटात ती पुन्हा आली. याचे मूळही बर्लिनमध्येच सापडते, कारण विसाच्या दशकात तेथल्या ज्यू नागरिकांच्या संघटनेने, कॅबरेतल्या ज्यू विनोदवीरांनी स्वतःच्या समाजावर केलेल्या विनोदांना असाच विरोध केला होता. उपहास समोरच्याला उपहास म्हणून कळेल का, ही काळजी दोन्हीकडे एकच होती आणि बर्लिनपुरती तरी ती अनाठायी ठरली नाही.

त्या पहिल्या संचात घरमालकीण फ्राउलाइन श्नायडरची भूमिका लोटे लेन्या यांनी केली होती. त्या कुर्ट वाइलच्या पत्नी. १९२८ मध्ये गेरोनबरोबर ‘थ्री पेनी ऑपेरा’त उभ्या राहिलेल्या आणि १९३३ मध्ये जर्मनी सोडलेल्या. ज्यू फळविक्रेत्याशी ठरलेले लग्न भीतीपोटी मोडणारी ही म्हातारी प्रेक्षकांना विचारते की माझ्या जागी तुम्ही काय केले असते. तो प्रश्न त्यांच्या तोंडून येणे ही अभिनयापलीकडची गोष्ट होती.

मूळ निर्मितीचे १,१६५ प्रयोग झाले आणि तिला अमेरिकी रंगभूमीचे आठ टोनी पुरस्कार मिळाले. १९७२ च्या चित्रपटात बॉब फॉसी याने एक अपवाद वगळता सगळी गाणी क्लबच्या आत ठेवली. लायझा मिनेलीची सॅली इतकी अप्रतिम गाते की कथेतली सामान्य गायिका नाहीशीच होते. नाझी तरुणाचे बाहेर उन्हात गायलेले गाणे हा तो अपवाद. ते इतके अस्सल उतरले की पुष्कळांना जुने नाझी गीत वाटले, वस्तुतः ते कँडर व एब या दोन ज्यू कलावंतांनीच रचलेले आहे. सॅम मेंडिसने १९९३ मध्ये लंडनला आणि १९९८ मध्ये न्यूयॉर्कला केलेल्या प्रयोगांत शेवटी एमसी कोट काढतो आणि खाली छळछावणीचा पोशाख दिसतो, त्यावर ज्यूंचा पिवळा तारा आणि समलिंगी कैद्यांचा गुलाबी त्रिकोण. १९६६ चा एमसी येऊ घातलेल्या राजवटीचा साथीदार वाटे. तीस वर्षांनी तो तिचा बळी झाला. मोर्गान, ग्र्यूनबाउम आणि गेरोन यांच्या वाट्याला जे आले, त्याच्या अधिक जवळ जाणारा शेवट हाच आहे.

तरीही एक अन्याय उरतो. बाहेर देश जळत असताना आत लोक गाण्यात गुंग होते, असे या नाटकाचे सांगणे आहे. क्लबांना ते लागू पडते. खऱ्या कॅबरेतल्या पुष्कळांना नाही, कारण तेथे रोज त्याच आगीबद्दल बोलले जात होते. आणि ती परंपरा १९३५ मध्ये संपलीही नाही. फिंक युद्धानंतर पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. ड्युसेलडॉर्फला १९४७ मध्ये ‘कोम्योद्खेन’, पश्चिम बर्लिनला १९४९ मध्ये ‘श्टाखेलश्वाइने’ आणि १९५३ मध्ये पूर्व बर्लिनला सरकारी देखरेखीखाली ‘डिस्टेल’ अशी नवी कॅबरे निघाली. ब्रॉडवेवर किट कॅट क्लबचा पडदा पहिल्यांदा उघडला तेव्हा जर्मनीतल्या या छोट्या रंगमंचांवर सरकारवर, चर्चवर आणि न विचारल्या गेलेल्या नाझी भूतकाळावर पदे म्हटली जात होती.