जुन्या कादंबरीचा वास येतो कुठून?

माळा आवरताना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली मिल्स अँड बूनची एक इंग्रजी प्रेमकादंबरी सापडली. नववी-दहावीत भूगोलाच्या पुस्तकाआड धरून वाचलेली. कडा चहासारख्या तपकिरी, मध्ये वाळलेलं विद्येचं पान. उघडली मात्र, नायकाचं नाव आठवायच्या आधी वर्गातला खिडकीजवळचा बाक आठवला. घरातले म्हणाले, धुळीचा वास आहे. धुळीचा नाही, कागद विरत चालल्याचा आहे.

या कादंबऱ्या कमी किमतीत विकायच्या, म्हणून कागदही स्वस्तातला. लाकूड यंत्राने भरडून केलेल्या त्याच्या लगद्यात लिग्निन तसंच राहतं. लिग्निन म्हणजे झाडाच्या पेशींना ताठपणा देणारा पदार्थ, लाकडाचा साधारण पाव हिस्सा. उजेड आणि ऑक्सिजन लागला की तो पिवळा पडत जातो, आणि तुटताना त्यातून व्हॅनिलिन सुटतं. आइस्क्रीमला वास देतं तेच! कागदाचा मुख्य घटक सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबलचक साखळी. कागदातलं आम्ल आणि हवेतला दमटपणा मिळून ती मध्येच तोडतात. या पडझडीत बदामासारख्या वासाचं फरफ्युरल तयार होतं आणि व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्लही. हे नवं आम्ल पुढच्या साखळ्या तोडायला लागतं, त्यातून आणखी आम्ल. म्हणून एकदा सुरू झालेली झीज वाढतच जाते आणि पान दुमडलं की कोपरा हातात येतो. कागदातून सुटणाऱ्या या वायूंवरून, पानाला धक्का न लावता, त्याची अवस्था ओळखायची पद्धत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये मांडली. मला ती फार आवडते.

मग बाक का आठवला? पाहिलेलं, ऐकलेलं थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या थांब्यामार्गे मेंदूच्या बाहेरच्या थरात, बाह्यकात, पोचतं. वासाला हा थांबा घ्यावा लागत नाही. नाकाकडून आलेला वास टिपणाऱ्या मेंदूच्या भागातून, घ्राणकंदातून, तो थेट भावनांशी जोडलेल्या अमिग्डालापर्यंत जातो. शिवाय साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी माणसाला पुढे आयुष्यभर जास्त आठवतात. चोरून वाचलेली प्रेमकथा नेमकी त्या वयातली.

विद्येच्या पानाने अभ्यास येतो ही समजूत खोटीच, आणि कागदही त्याने टिकत नाही. प्लॅस्टिकची पिशवी तर घातकच, कारण आम्लाची वाफ आत कोंडून राहते. कादंबरी आता पिशवीबाहेर, उन्हापासून लांब, कोरड्या कपाटात उभी आहे.