क्रीमी लेअर: आठ लाखांत नेमकं काय मोजायचं?

‘क्रीमी लेअर’ म्हणजे मागासांमधला सुस्थितीतला थर, ज्याला आरक्षणातून वगळतात. आज तो ओबीसी आरक्षणाला चिकटलेला असला, तरी हा शब्द गाजला तो अनुसूचित जाती-जमातींच्या खटल्यात. केरळमधल्या कारकुनांना बढतीच्या खातेपरीक्षेतून मिळालेल्या सवलतीचं ते प्रकरण. १९७५ च्या निकालात सवलत टिकली. पण लाभ मागासांमधला वरचा थरच पटकावतो, असं एका न्यायमूर्तींनी लिहिलं. १९९२ च्या मंडल निकालाने, म्हणजे ओबीसी आरक्षणावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, हा थर वगळणं ओबीसींपुरतं बंधनकारक केलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सातपैकी चार न्यायमूर्तींनी तेच अनुसूचित जाती-जमातींबाबतही सुचवलं. केंद्राने नकार दिला.

हा थर ठरवण्याचे केंद्राचे निकष ८ सप्टेंबर १९९३ चे. तेव्हाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख. मग २००४ मध्ये अडीच, २००८ मध्ये साडेचार, २०१३ मध्ये सहा आणि २०१७ मध्ये आठ लाख. दर तीन वर्षांनी बदल करायचा, हे मूळ आदेशातच आहे.

घोळ मर्यादेपेक्षा मोजणीचा जास्त. पालकांपैकी एक जण सरकारी नोकरीत थेट वर्ग एकमध्ये भरती झालेला असेल तर मुलं आरक्षणातून बाद. तिथे पगार विचारलाच जात नाही. वर्ग तीनच्या कर्मचाऱ्याच्या मुलांना उत्पन्नाची कसोटी लागते, पण पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात मिळवायचं नसतं. म्हणजे नऊ लाख पगाराच्या कारकुनाच्या मुलाला नॉन-क्रिमिलेअर (या थरात नसल्याचा) दाखला मिळतो आणि सलग तीन वर्षं नऊ लाख कमावणाऱ्या दुकानदाराच्या मुलाला नाही. हा न्याय दुकानदाराला कसा पटवायचा? शेतकऱ्याला मोकळं रान आहे असंही नाही. कायद्याने ठरवलेल्या कमाल जमीनधारणेच्या ८५ टक्के किंवा जास्त ओलिताची जमीन असली की त्याचीही मुलं बाद.

सर्वाधिक भरडले गेले ते सरकारी कंपन्या आणि बँकांतल्या नोकरदारांची मुलं. तिथली पदं सरकारी वर्गांशी जुळवण्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं. ऑक्टोबर २००४ च्या खुलाशाने, जुळवणी होईपर्यंत अशा पालकांचा पगारही उत्पन्नाच्या कसोटीला, पण इतर उत्पन्नापासून वेगळा, लावायला सांगितलं. स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या काही उमेदवारांचा ओबीसी दावा त्यावरच नाकारला गेला. केंद्राने आपल्या कंपन्यांपुरती जुळवणी केली ती थेट २०१७ मध्ये.

२०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण आलं, त्यालाही मर्यादा आठ लाखांचीच. तिथे मात्र पगार, शेती, धंदा सगळं धरतात, उमेदवाराची स्वतःची कमाईसुद्धा. ओबीसींमध्ये उमेदवाराची कमाई बघतच नाहीत. त्यामुळे ‘दोघांनाही आठ लाखच’ हा वादात हमखास येणारा मुद्दा अर्धवट आहे.