कोपरा-त्रिज्या, स्टेनलेस चौकोनी नळीची

स्टेनलेस स्टीलच्या चौकोनी नळीच्या दोन सपाट बाजू जेथे मिळतात तेथील गोलाईचे माप. बाहेरची आणि आतली अशा दोन त्रिज्या असतात. त्यांतला फरक साधारणपणे भिंतीच्या जाडीइतका. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील गेट, रेलिंग, जिन्याच्या कठड्यांच्या कामात ही नळी सर्रास लागते.

पट्टी रोलांतून वळवून प्रथम गोल नळी करतात, शिवण वेल्ड करतात आणि मग चार रोलांच्या चौकटीतून दाबून तिला चौकोनी आकार देतात. दुसऱ्या रीतीत पट्टीचे कोपरे थेट वळवले जातात. दोन्हींत कोपरा टोकदार येत नाही, कारण बाहेरचा थर ताणला जातो. आतली त्रिज्या जाडीइतकी धरली तर हा ताण सुमारे ३३ टक्के होतो. ती निम्मी केली तर ५० टक्क्यांच्या घरात जातो. ३०४ या स्टेनलेसच्या नेहमीच्या प्रतीच्या पत्र्याने तुटण्यापूर्वी किमान ४० टक्के ताणले जावे अशी अपेक्षा असते. त्यापलीकडे भेगांचा धोका वाढतो.

ईएन १०२१९ हे युरोपीय मानक ६ मिमीपर्यंतच्या जाडीला बाहेरची गोलाई जाडीच्या १.६ ते २.४ पट ठेवते आणि हिशेबासाठी २ पट धरते. अमेरिकी ए ५०० मध्ये कमाल मर्यादा ३ पट आहे. दोन्ही मानके साध्या पोलादाची. स्टेनलेसला ती अंदाजापुरती लावावीत.

वजनाच्या हिशेबात गोलाई बहुधा विसरली जाते. ४० × ४० × २ मिमी नळीचे कोपरे काटकोनी धरले तर मीटरला सुमारे २.४१ किलो येतात, बाहेरची गोलाई ४ मिमी धरली तर २.३३. सहा मीटरच्या नगामागे हा फरक जवळजवळ अर्ध्या किलोचा. काट्यावर वजन कमी भरले म्हणून विक्रेत्याने जाडी मारली असे लगेच ठरवू नये. कापलेल्या टोकाला मायक्रोमीटर लावून पाहावे.

थंड वळणामुळे कोपरा सपाट भागापेक्षा कठीण व बळकट होतो, यावर एकमत आहे. ही वाढ कुठवर पसरते याबद्दल मात्र मतभेद आहेत. संशोधक कॅरन यांनी १९६७ मध्ये साध्या पोलादासाठी मांडलेले सूत्र वळलेल्या भागापुरते आहे. क्रूझ व गार्डनर या संशोधकांनी २००८ मध्ये स्टेनलेस नळ्यांबाबत दाखवले, की रोलवर घडवलेल्या नळीत वाढीव बळ कोपऱ्याच्या पुढे जाडीच्या दुपटीइतक्या अंतरापर्यंत सपाट भागातही आढळते. प्रेसवर वाकवलेल्या आकारात ते कोपऱ्यातच राहते. बाजारातील बहुतेक नळी रोलवरची असल्याने हे दुसरे मत व्यवहाराला अधिक जवळचे वाटते.

याच वळणात ३०४ च्या रचनेचा काही भाग चुंबकाला ओढला जाणाऱ्या रूपात बदलतो. त्यामुळे सपाट बाजूवर न धरणारे चुंबक कोपऱ्यावर हलकेच ओढ घेते. गिऱ्हाईक ‘माल हलका दिला’ म्हणून हुज्जत घालते, पण स्वस्त २०२ प्रतही मुळात चुंबकाला न धरणारीच असल्याने ही परीक्षा कुचकामी ठरते.

गोलाईचा खरा त्रास टी-जोडाला. ४० मिमी नळीवर तेवढीच नळी उभी केली, तर तिच्या कडेच्या भिंती खालच्या नळीच्या गोलाईवर येतात. वरच्या उदाहरणात भिंतीच्या आतल्या अंगाला फट जेमतेम अर्धा मिमी, बाहेरच्या अंगाला पूर्ण ४ मिमी. गुण्याने जोड काटकोनात बसला तरी ही फट राहतेच. आर्गॉन वेल्डिंगमध्ये येथे तार जास्त जाते, उष्णता साचते आणि दीड मिमीच्या भिंतीला भोक पडते. उभी नळी पुरेशी लहान घेतली की ती सपाट पट्ट्यावर बसते; ४ मिमी गोलाईला हा पट्टा ३२ मिमी रुंद उरतो.

कोपरा क्वचितच शुद्ध वर्तुळखंड असतो, मध्यभागी तो थोडा चपटाच येतो. म्हणून त्रिज्यागेज नीट बसत नाही. सपाट बाजू संपते तेथपासूनचे अंतर कॅलिपरने घेणे अधिक भरवशाचे. जवळजवळ टोकदार कोपऱ्याच्या नळ्या लेसरने पट्ट्या जोडून करतात, पण गेट-कठड्यांच्या कामाला त्या परवडत नाहीत.