खुतुलुन आणि तुरांदोत : एक कुस्ती खेळायची, दुसरी कोडी घालायची, आणि लोक दोघींना एकच समजतात

मंगोल काळातल्या रडवणाऱ्या लव्हस्टोऱ्या वाचणाऱ्या मंडळींमध्ये एक वाक्य अगदी ठरलेलं असतं, की "तुरांदोत म्हणजे खरी मंगोल राजकन्या खुतुलुनच." (तुरांदोत ही इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ऑपेरातली, म्हणजे संगीत नाटकातली, राजकन्या.) ऐकायला भारी वाटतं, म्हणून सगळे तेच पुढे ढकलतात. पण दोघींची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघितली तर लग्नाला नाही म्हणणं आणि येणाऱ्या मुलांना अट घालणं सोडलं तर फारसं काही जुळत नाही.

आधी खुतुलुन, कारण ती खरोखर होऊन गेली. जन्म साधारण १२६० चा, बाप कैदू खान. हा कैदू म्हणजे ओगेदेईचा नातू, म्हणजे चंगीज खानाचा पणतू, मध्य आशियात त्याचं राज्य आणि चीनच्या गादीवर बसलेल्या कुब्लाई खानाशी आयुष्यभर वैर. पोरगी बापाबरोबर लढाईवर जायची. मार्को पोलो लिहितो की ती घोडा सरळ शत्रूच्या फळीत घालायची, ससाणा पाखरू उचलतो तसा एखादा माणूस उचलायची आणि बापापुढे आणून टाकायची. तिची लग्नाची अट साधी होती, माझ्याशी कुस्ती खेळ, जिंकलास तर लग्न, हरलास तर शंभर घोडे ठेव आणि घरी जा. पोलो म्हणतो असे करता करता तिच्याकडे दहा हजारांवर घोडे जमले. आता दहा हजारचा आकडा जरा जपूनच घ्यायचा, मंगोल सैन्याची सगळ्यात मोठी तुकडीच दहा हजारांची असायची, त्यामुळे 'लय' म्हणायचं असलं की हाच आकडा तोंडात येत असणार. आणि तो खरा मानला तर शंभर नवरदेव चीतपट झाले की राव.

त्यातली एक कुस्ती पोलोने अगदी रंगवून सांगितलीये. १२८० च्या आसपास एक देखणा राजपुत्र आला, त्याने शंभर नाही तर हजार घोडे लावले. आईबापाला पोरगा इतका आवडला की त्यांनी पोरीला गुपचूप सांगितलं, बाई गं, यावेळी हरून जा. ती म्हणाली मुद्दाम तर हरणार नाही. दोघं रेशमी कपडे घालून भर दरबारात उतरले, बराच वेळ कुणीच कुणाला हलेना, आणि शेवटी तिने त्याला जमिनीवर आपटला. हजार घोडे तिथेच सोडून तो लाजेने आल्या पावली परत गेला आणि आईबाप कपाळाला हात लावून बसले. बघा, यात कुणाचा जीव गेलेला नाही, घोडे गेले आणि इज्जत गेली एवढंच.

आता तुरांदोत. हिला बहुतेकांनी पुच्चिनीच्या ऑपेरातून ओळखलेलं असतं, निदान त्यातलं ते 'नेस्सुन दोर्मा' गाणं तरी कानावर पडलेलं असतं, १९९० च्या फुटबॉल वर्ल्डकपमुळे गायक पावारोत्तीच्या आवाजात ते जगभर वाजलं. यातली राजकन्या पेकिंगची, म्हणजे बीजिंगची. ती तीन कोडी घालते, चुकलास की मुंडकं उडवणार. कुस्ती नाही, घोडे नाहीत, लढाई नाही. कलाफ नावाचा परागंदा तातार (युरोपी लोक मंगोलांना हेच म्हणत) राजपुत्र तिन्ही कोडी सोडवतो. आणि गंमत म्हणजे या बाईचा रागच मुळी तातारांवर आहे, तिच्या पूर्वज राजकन्येला तातारांनी मारलं म्हणून ती समस्त पुरुष जातीवर सूड उगवतीये. म्हणजे मंगोल-तातार बाजू इथे नवऱ्याकडची आहे, तिची नाही! खुतुलुन कैदूची मुलगी आणि तुरांदोत बसलीये नेमक्या त्या शहरात जिथे कैदूच्या वैऱ्याने राजधानी वसवली होती.

पण सगळ्यात मोठा पुरावा तारखांचा आहे. डोकी उडवणाऱ्या, कोडी घालणाऱ्या राजकन्येची गोष्ट फारसी कवी निझामीच्या 'हफ्त पैकर' मध्ये आहे आणि ते काव्य ११९७ मध्ये पूर्ण झालं. खुतुलुन तोपर्यंत जन्मलीच नव्हती, अहो तेमुजिनला 'चंगीज खान' हा किताब मिळाला तोच १२०६ साली. निझामीची राजकन्या रूसकडची, डोंगरावरच्या किल्ल्यात राहणारी, स्वतःचं चित्र काढून शहराच्या वेशीवर लावते आणि हरलेल्यांची मुंडकी त्याच वेशीवर टांगते. तिची कोडी मात्र फार सुंदर आहेत कारण त्यात शब्दच नाहीत. ती दोन मोती पाठवते, मागणी घालायला आलेला राजपुत्र त्यात आणखी तीन घालून परत देतो. ती पाचही मोती कुटून साखरेत मिसळते, तो वर दूध ओततो. ती दूध पिऊन टाकते आणि खाली राहिलेली पूड तोलून बघते. म्हणजे आयुष्य दोन दिवसांचं असं ती म्हणतेय, पाच दिवसांचं असलं तरी सरतंच असं तो म्हणतोय, मग सुखात मिसळून गेलेलं आयुष्य त्यातून वेगळं कसं काढायचं असं तिने विचारलं आणि त्याचं उत्तर दूध. लहानपणी हातिमताई वाचलेल्यांना हुस्नबानूचे सात सवाल आठवतील, जात तीच आहे.

मग खुतुलुन यात घुसली कुठून? १७१० पासून पेती द ला क्र्वा नावाच्या फ्रेंच पंडिताने फारसी थाटाच्या गोष्टींचा संग्रह काढला, त्यात कलाफ आणि चीनच्या राजकन्येची गोष्ट आली. त्याच्या वडिलांनी (नाव दोघांचं एकच) चंगीज खानाचं चरित्र लिहिलं होतं आणि ते मुलाने छापलं तेही १७१० सालीच. घरात मंगोल इतिहास पडलेला, म्हणजे त्याने खुतुलुनवरूनच राजकन्या बेतली असणार, असा तर्क काहींनी लढवला आणि पुढे त्या तर्कातला 'असणार' गळून पडला. माझ्या मते मंगोलांनी या गोष्टीला फार तर कपडे दिले, हाडं निझामीच्या काळातलीच आहेत. पुढे १७६२ मध्ये गोझ्झीने व्हेनिसमध्ये तिचं नाटक केलं, मग जर्मन नाटककार शिलर, मग पुच्चिनी.

आता रडण्याचा मुद्दा, कारण त्यासाठीच तर आपण असली पुस्तकं उचलतो. तुरांदोतच्या गोष्टीत ट्रॅजेडी तुरांदोतची नाहीच, तिचं तर लग्न होतं. ट्रॅजेडी आहे लिऊची. ही दासी पुच्चिनीच्या ऑपेरासाठी घडवलेली, कलाफच्या आंधळ्या म्हाताऱ्या बापाला भीक मागत सांभाळते, का, तर राजवाड्यात असताना राजपुत्र एकदा तिच्याकडे बघून हसला होता. बस एवढंच. त्याचं नाव सांग म्हणून तिचा छळ करतात आणि ती नाव न सांगता खंजीर खुपसून घेते. पुच्चिनी १९२४ मध्ये ऑपेरा अर्धवट सोडून गेला, १९२६ ला मिलानमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा वाद्यवृंदाचा संचालक तोस्कानिनीने लिऊच्या मरणानंतर तिथेच वाद्यवृंद थांबवला. शेवटचा जोडलेला गोड भाग मला तरी आजही घशाखाली उतरत नाही, पोरीचं प्रेत आत्ता नेलंय आणि हे दोघं प्रेमगीत गातायत. तरुणांसाठीच्या कादंबऱ्या लिऊसारखीला नायिका करतात ते म्हणूनच बरोबर वाटतं.

खुतुलुनचं दुःख वेगळ्या जातीचं, त्यात प्रेम नावालाच आहे. इराणच्या इल्खानी दरबारातला वजीर रशीदुद्दीन सांगतो की तिला इराणच्या मंगोल राजाशी, गाझान खानाशी, लग्न करायचं होतं, आणि बापलेकीबद्दल लोक वाईट बोलायला लागले म्हणून कैदूने शेवटी तिचं लग्न दुसऱ्याशी लावून दिलं. (इल्खानी दरबार कुब्लाईच्या बाजूचा, म्हणजे कैदूचा विरोधक, तेव्हा ही कुजबुज मिठाची चिमूट घेऊनच वाचा.) १३०१ मध्ये कैदू गेला. तिने भाऊ ओरुसची बाजू घेतली, सैन्याच्या कारभारात लक्ष घातलं, तर कैदूचा साथीदार खान दुवा आणि तिचा दुसरा भाऊ चापार यांनी तिला सुनावलं की तू कात्री आणि सुई सांभाळ, राज्याशी तुझा काय संबंध. दहा हजार घोडे जिंकणाऱ्या बाईला हे! मग ती इली आणि चू नद्यांच्या मधल्या डोंगरावर बापाच्या कबरीची राखण करत राहिली आणि १३०६ च्या सुमारास गेली. यावर कुणी एक अख्खी कादंबरी लिहिली, लव्हस्टोरी न घुसडता, तर मी पहिली प्रत घेईन.

मंगोलियात आजही पैलवानांचं जॅकेट छातीवर उघडं असतं आणि लोक सांगतात की एक बाई पुरुष बनून सगळ्यांना हरवून गेली म्हणून ते तसं झालं, नाव कधी कधी खुतुलुनचं जोडतात. दंतकथाच ती, पण निदान कुस्तीची तरी आहे. पुढच्या पुस्तकात कैदूची लाडकी लेक बीजिंगमध्ये सिंहासनावर बसून कोडी घालताना दिसली तर कथा म्हणून खुशाल वाचा, रडू आलं तर रडा, फक्त ते इतिहास म्हणून पुढे फॉरवर्ड करू नका.